रिकामं वजन

सावद्याच्या नाक्यावरचा हा काटा
एकवीस वर्षं माझ्या हातात आहे.
गाडी आधी रिकामी घ्यायची, मग भरलेली,
दुसऱ्यातून पहिलं वजा.
उरते ती केळी.
एवढंच गणित आलं, त्यावरच घर चाललं.

मार्चात डॉक्टर फेगड्यांनी माझीच पावती फाडली:
तीन महिन्यांची साखर आठ पूर्णांक चार.
म्हणाले, वारके, गोळी देतो, पण
संध्याकाळी सातला तोंडाला कुलूप,
ते दुसऱ्या दिवशी अकराला उघडायचं.
पाणी चालेल, कोरा चहा चालेल.
इंजिन थंड झाल्याशिवाय आतली झाडलोट होत नाही.
जरा जास्त जगाल.

सातला!
सातला तर आमच्याकडे वांगी जाळावर पडतात.
पऱ्हाट्यांचा तो धूर, बडगीत ठेचण्याचा आवाज,
आणि कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडायला
कोण साडेआठच्या आत बसतं?
कुमुद म्हणाली, साबुदाणा भिजवू का?
म्हटलं, हा देवाचा उपास नव्हे, घड्याळाचा.
मग सोडताना हात कुणाला जोडणार, म्हणाली,
आणि माझं ताट मांडणीत उभं करून ठेवलं.

समोरचे कांकरिया शेठ पोट धरून हसले.
दिवस मावळला की आमच्या चार पिढ्या पाणीसुद्धा पीत नाहीत,
तुम्हाला ह्याचे डॉक्टरनं किती घेतले?

रात्री साडेदहाला ती येते.
भूक म्हणजे भुसावळहून खंडव्याकडे जाणारी मालगाडी,
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.
आपल्या स्टेशनात ती थांबत नाही.
उशी हलते, काचा हलतात,
डबे मोजत पडून राहायचं, पन्नास, एक्कावन्न, बावन्न,
मग शेवटचा लाल दिवा.
मग इतकं शांत होतं
की स्वतःचं पोट दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं.

पहिल्या आठवड्यात डोकं ठणकलं.
एका ड्रायव्हरला शिवी दिली, त्यानं ऐकून घेतली.
लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढणाऱ्यापुढे
हात आडवा धरला, तर तो म्हणाला,
काका, कुणाशी भांडण झालं का?

गुलजार तडवी कटाईच्या टोळीत आहे.
पहाटे चारपासून घड वाहतो,
दुपारी एकला फडकं सोडतो, ट्रकच्या सावलीत.
म्हणाला, का भो, तुम्हीबी आता दुपारचेच जेवता?
मी त्याला सगळं समजावलं:
सोळा तास, साखर, आतली झाडलोट, वाढणारं आयुष्य.
त्यानं बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं.
माझे तर वीस होतात, म्हणाला.
मंग मी किती जगीन?

काट्याला बारा बटणं आहेत.
ह्याचं एकही नाही.

त्यानं मला ठेचा दिला, मी त्याला मेथी दिली.
दोघंही सावकाश चावत होतो,
तो दात दुखतो म्हणून,
मी डॉक्टरनं सांगितलं म्हणून.

जुलैत साखर सहा पूर्णांक नऊ.
फेगड्यांच्या काट्यावर साडेसहा किलो कमी.
पट्ट्याला खिळा तापवून नवं भोक पाडलं,
आरशात मान जराशी बापासारखी दिसू लागली,
तो चौसष्टाव्या वर्षी गेला, भरल्या ताटावरून.
मला पुढची किती मिळणार कोण जाणे,
आणि मिळाली तर त्या वर्षांत
संध्याकाळी सातनंतर काय करायचं
हेही कुणी लिहून दिलेलं नाही.

काल गाड्या नव्हत्या.
साठ टनांच्या त्या लोखंडी पाटावर
मी एकटाच जाऊन उभा राहिलो.
गुलजारला म्हटलं, आत जा, आकडा सांग.
ऐंशी.
मार्चातही ऐंशीच होता.
दहा किलोंच्या खालचं काही ह्याला दिसत नाही.
गुलजार म्हणाला, उतरा. डबा घेऊन चढा.
चढलो.

ऐंशी.